नदी सुरयांचं बेट

बाई पहिल्यांदा माझ्या स्टुडिओत आल्या त्या ओळखपत्राचा फोटो काढायला. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. पाट्यांवरचं 'जिल्हा उस्मानाबाद' पुसून पेंटर लोक 'जिल्हा लातूर' रंगवत होते, नवी हापिसं उघडत होती आणि ज्याला त्याला नवं ओळखपत्र हवं होतं. गंजगोलाईजवळच्या माझ्या छोट्या स्टुडिओला त्यामुळं बरे दिवस आले होते. तोवर घरात माझ्या धंद्याला कुणी धंदा म्हणत नव्हतं. वडिलांची आडत होती, थोरला भाऊ त्यांच्याजवळ बसायचा. वडील म्हणायचे, "पोत्यात भरता येत न्हाई, काट्यावर तोलता येत न्हाई, ह्यो कसला माल?"

बाई रेणापूरच्या शाळेत शिकवायच्या. पन्नाशीच्या आसपास वय, अंगानं किडकिडीत, सुती लुगडं, खांद्याला कापडी पिशवी. फोटो काढून झाला तरी उठेनात. भिंतीवर मी एक बुलबुलाच्या घरट्याचा फोटो लावला होता, त्याच्याकडं बघत बसल्या. तो फोटो माझा फार लाडका होता. तीन पिल्लं, तिघांच्या चोची उघड्या.

"ही पानं तू बाजूला केलीस का?" त्यांनी विचारलं.

"हो. त्याशिवाय आतलं दिसत नव्हतं."

"मग पिल्लं जगली का?"

मला माहीत नव्हतं. मी पुन्हा तिकडं गेलोच नव्हतो. तसं सांगितलं. बाईंनी पिशवी उचलली आणि म्हणाल्या, "फोटो चांगला आलाय, तम्मा. पण पानं त्यांच्या आईनं बघून ठेवली होती."

त्या निलंग्याकडच्या. तिकडं कानडी आणि मराठी एकाच चुलीवर शिजते. 'तम्मा' म्हणजे धाकटा भाऊ. त्या दिवसापासून त्यांनी मला दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारली नाही.

फोटो न्यायला आल्या तेव्हा मीच विचारलं, तुम्हाला पाखरांचं एवढं कसं कळतं. त्यांनी पिशवीतून शाळेची दोनशे पानी वही काढली. कुठलं पाखरू, कुठं, किती, काय करत होतं, सगळं निळ्या शाईत. प्रत्येक पानावर तारीख आणि वेळ. जे स्वतः पाहिलं नाही त्यापुढं 'ऐकीव' असं लिहिलेलं. लग्न केलेलं नव्हतं. रेणापुरात एका खोलीत राहायच्या. शाळा सुटली की रानात जायच्या आणि गावातली माणसं त्यांना जरा वेडसरच समजायची.

"रविवारी मांजरेच्या पुलावर ये," त्या म्हणाल्या. "कॅमेरा आणू नको."

रेणापूरच्या रस्त्यावर मांजरेचा पूल लागतो. मी सायकलवरून गेलो, त्या एसटीनं येऊन पुलावर उतरल्या होत्या. तिथून काठाकाठानं अर्धा तास चाललो. नदीनं तिथं वळण घेतलं होतं आणि मधोमध वाळूचं एक लांबट बेट होतं. आमच्या आणि बेटाच्या मधल्या पाण्याखाली नुसता गाळ. त्यात एकदा म्हैस रुतली होती ती काढताच आली नाही, असं लोक सांगायचे. म्हणून त्या बेटावर ना माणूस जायचा, ना जनावर.

बेटावर पाखरं होती. पाठ राखी, पोट पांढरं, डोक्यावर काळी टोपी, चोच पिवळीधमक आणि शेपटी कात्रीसारखी दुभंगलेली. आमच्याकडं त्यांना कुणी वेगळं नाव दिलेलं नव्हतं. पुस्तकात त्यांना नदी सुरय म्हणतात, बाईंनी सांगितलं. घरटं म्हणजे काय, तर वाळूत छातीनं केलेला खळगा. त्यात वाळूच्याच रंगाची दोन-तीन अंडी. बाईंनी दुर्बीण दिली तरी मला ती दिसायला पाऊण तास लागला. एकदा दिसल्यावर मात्र सगळीकडं दिसू लागली.

"आता बघ," बाई कुजबुजल्या.

ऊन चढलं होतं. एक मादी उठली, पाण्यावर गेली, पोट पाण्याला टेकवून दोन-चार वेळा बुडवलं आणि परत येऊन अंड्यांवर उभी राहिली. ओल्या पिसांतून थेंब गळत होते.

"गार करते. त्या वाळूत हात ठेवून बघ, भाजेल. ती जेवढा वेळ उठलेली, तेवढी अंडी उन्हात. म्हणून आपण तिकडं जायचं नाही. पाणी असो, नसो. आपण ह्या काठावर."

तो उन्हाळा माझ्या आयुष्यातला चांगला उन्हाळा होता. प्रत्येक रविवारी आम्ही जायचो. चौथ्या का पाचव्या रविवारी त्यांनी कॅमेऱ्याला परवानगी दिली. आडतीतला जुना बारदाना शिवून, चार काठ्या रोवून मी काठावर लपण तयार केलं. आत दोघं दाटीनं बसायचो. बाई शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी आणायच्या. माझ्याकडं मोठी लेन्स नव्हती. एवढ्या लांबून फोटोत पाखरं म्हणजे पांढरे ठिपके यायचे. बाई ते ठिपके भिंगानं मोजून वहीत लिहायच्या आणि खूश व्हायच्या. "एकवीस घरटी, तम्मा! मी अठराच धरली होती." मला मात्र ठिपक्यांचं समाधान नव्हतं. मला ते थेंब हवे होते. पोटाच्या पिसांतून अंड्यावर पडणारे.

त्या वर्षी पिल्लं मोठी झाली, उडाली आणि पावसाळ्याच्या तोंडावर बेट रिकामं झालं.

त्यानंतरचा पावसाळा आलाच नाही म्हटलं तरी चालेल. नव्या जिल्ह्याच्या कौतुकाचे हार सुकले नव्हते तोवर टँकर फिरू लागले. गावोगाव रोजगार हमीची कामं निघाली, माणसं रस्त्याकडेला खडी फोडू लागली. चारा नव्हता, जनावरं पडत होती आणि मेलेल्या जनावरांवर गावची कुत्री माजत होती. मांजरेत डोह तेवढे उरले. आमचं बेट मात्र अजून बेट होतं, कारण काठ आणि बेटाच्या मधल्या ओढीत गुडघाभर पाणी आणि खाली तोच गाळ होता. सुरय आले, पण कमी. बाईंनी अकरा घरटी मोजली.

"नदीला पाणी नाही तर मासा कुठला?" त्या म्हणाल्या. "एवढी आली हेच पुष्कळ. ह्या वर्षी लपण नको. लांबूनच बघू."

त्याच दिवसांत नव्या जिल्हा कचेरीतले एक साहेब स्टुडिओत आले. जिल्ह्याची ओळख करून देणारं प्रदर्शन भरायचं होतं. "टँकरचे आणि खडीचे फोटो पुष्कळ झाले हो," ते म्हणाले. "आपल्याकडं काही सुंदर आहे का नाही? ते दाखवा."

मी त्यांना नदीतल्या पाखरांविषयी सांगितलं. साहेबांचे डोळे चमकले. मोठा करून दर्शनी भिंतीवर लावू म्हणाले. खाली माझं नाव. मला आधी वडिलांचा चेहरा दिसला. ते प्रदर्शनाला येतील, भिंतीपुढं उभे राहतील, असं सगळं मी मनात रंगवलं.

बाईंना मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्या नाही म्हणाल्या असत्या, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मधल्या वारी, शाळा चालू असताना मी एकटा गेलो. गाळातून जाता येईना. एक पाय टाकला तर मांडीपर्यंत गेला. मग काठावरचे काळे दगड आणून एकेक टाकत गेलो. खाली बाभळीच्या फांद्या, वर दगड. दुपारभर घाम गाळून पलीकडं जाईल एवढी वाट केली. बेटावर पाऊल ठेवलं तशी सगळी पाखरं उठली आणि ओरडत डोक्यावर झेपा घेऊ लागली. एकीची चोच माझ्या टाळूला लागली. मी बारदाना रोवला आणि आत शिरलो. ती कितीतरी वेळ खाली उतरली नाहीत. घड्याळ मी बघितलं नाही.

उतरली तेव्हा उन्हं कलती होती. माझ्यापासून सात-आठ हातांवर एक मादी ओलं पोट घेऊन आली आणि दोन पिल्लांवर उभी राहिली. पिल्लांनी चोची वर करून तिच्या पिसांतलं पाणी घेतलं. मी बटण दाबत राहिलो. रोल संपला.

परत निघताना दगड काढायला हवेत हे मला सुचलं होतं. सुचलं नाही असं मी कधीच म्हणणार नाही. पण फोटो नीट आला नाही तर उद्या पुन्हा यावं लागेल, असं वाटलं. म्हणून बारदाना तेवढा गुंडाळून घेतला आणि दगड तसेच ठेवले.

रात्रीच रोल धुतला. फोटो आला होता, मागून मिळणार नाही असा आला होता. दुसऱ्या दिवशी साहेबांना दाखवला, त्यांनी मला प्रदर्शनाच्या कामालाच जुंपलं. हा फोटो मोठा करा, तो चिकटवा. त्या गडबडीत दोन दिवस गेले. दगडांची आठवण मधेच यायची आणि मी म्हणायचो, रविवारी काढू. रविवारी बाई बरोबर असतील, हेसुद्धा ध्यानात आलं नाही.

रविवारी पुलापासून चालताना बाई नेहमीपेक्षा गप्प होत्या. वळण आलं. आकाशात पाखरं नव्हती. मी आधी ओढीकडं बघितलं. तिथं दगड नव्हते. एकही नाही. गढूळ पाणी आणि गाळ, पूर्वीसारखाच. मला काही कळेना. क्षणभर माझा जीव भांड्यात पडला, आणि त्या क्षणाची मला आजही लाज वाटते.

बेटावर पिसं पडली होती. बाईंनी दुर्बीण लावली, मग माझ्याकडं दिली. खळगे उकरलेले होते. वाळूवर सगळीकडं पंजांचे ठसे. जवळच गावातली एक बाई झिरा खणून वाटीवाटीनं घागर भरत होती. ती म्हणाली, "कुत्री गेली की ओ तिकडं. लई वरडली पाखरं, दोन दिस वरडली."

"कशी गेली? मधे तर गाळ आहे," बाईंनी विचारलं.

"कुणाला ठावं. गेली एवढं खरं."

बाई माझ्याकडं वळल्या.  बघत होत्या फक्त.

"पाणी लईच उतरलं ह्या वर्षी," मी म्हणालो.

"हं," त्या म्हणाल्या.

आम्ही काठावर बसलो. थोड्या वेळानं खालच्या डोहाकडून एक सुरय आला. त्याच्या चोचीत मासा होता, बोटाएवढा, चमकणारा. तो एका उकरलेल्या खळग्याजवळ उतरला आणि मासा पुढं धरून उभा राहिला. वाळूच्या रंगाची पिल्लं धोका वाटला की दबून बसतात, हाक ऐकली की धावत येतात. तो हाका मारत होता. इकडं दोन पावलं, तिकडं दोन पावलं. उडाला, बेटावर एक फेरी घेतली, पुन्हा त्याच खळग्याशी आला. असं किती वेळा केलं, बाईंनी लिहिलं असेल. शेवटी तो मासा त्यानं स्वतःच गिळला आणि निघून गेला.

बाईंनी पदरानं चष्मा पुसला. भाकरीचं फडकं त्या दिवशी सोडलंच नाही.

प्रदर्शन झालं. वडील आले, फोटोपुढं बराच वेळ उभे राहिले आणि घरी जाताना म्हणाले, "पाखरू जितं वाटतंय." त्यांच्या तोंडून माझ्या कामाला मिळालेली तेवढी एकच शाबासकी. मला ती घेता आली नाही. बाईही आल्या. मी घाईघाईनं सांगितलं की हैदराबादेहून एका ओळखीच्याची मोठी लेन्स आणली होती, काठावरूनच काढलाय. त्यांनी फोटो बघितला. पिल्लांच्या चोची, थेंब, सगळं बघितलं.

"फार जवळून आलाय," त्या म्हणाल्या आणि निघाल्या.

त्यानंतर रविवार हळूहळू सुटले. एकदा त्यांना पेपर तपासायचे होते, एकदा मला लग्नाची ऑर्डर होती. मग कुणी कारण सांगेनासं झालं. पुढं पाऊस बरा झाला, पण सुरय त्या बेटावर परत आलेले मी पाहिले नाहीत. काही वर्षांनी बाई निवृत्त झाल्या आणि नांदेडकडं उमरीला धाकट्या बहिणीकडं राहायला गेल्या, असं रेणापूरच्या एका गिऱ्हाइकाकडून कळलं. मला त्यांनी कळवलं नव्हतं. मी पुन्हा कधी घरट्याचा फोटो काढला नाही. लग्नं, मुंजी, बारशी काढत राहिलो. लोक विचारायचे, ते पाखरांचं का सोडलं? मी म्हणायचो, वेळ कुठाय.

बरीच वर्षं गेली. एका कॉलेजच्या प्राध्यापकांनी मराठवाड्यातल्या नदीकाठच्या पाखरांवर लिहिलेला लेख माझ्या हाती आला. त्यांनी बाईंच्या वह्यांचा आधार घेतला होता. मांजरेतल्या बेटाविषयी एक वाक्य होतं: दुष्काळात पाणी आटून बेट काठाला जोडलं गेलं, कुत्री शिरली आणि वसाहत उजाड झाली. ते वाक्य मी दुकानात उभ्याउभ्या वाचलं आणि खाली बसलो. माझं खोटं बाईंच्या वहीतून छापून आलं होतं. मी त्यांना फसवलं, त्यांनी विश्वासानं लिहून ठेवलं, असंच मी समजलो.

त्याच आठवड्यात मी नांदेडची एसटी धरली आणि तिथून रेल्वेनं उमरीला गेलो. बहिणीनं दार उघडलं. बाई अंगणात बाजेवर बसल्या होत्या. साखरेच्या आजारानं त्यांची नजर जवळजवळ गेली होती. मी आवाज दिला तसं त्यांनी मान वर केली.

"तम्मा?"

 बहिणीनं चहा ठेवला आणि ती आत गेली. मग मी सगळं सांगितलं. साहेब, दगड, बाभळीच्या फांद्या, उद्या काढू म्हणून ठेवलेली वाट. मधे थांबलो नाही. बाई ऐकत राहिल्या. मी संपवल्यावर त्यांनी विचारलं, "दगड किती होते?"

"बारा-तेरा असतील."

"चौदा. मी काढले ना."

मी चहाचा कप बाजूला सारला.

"शनिवारी शाळा अर्धी होती," त्या म्हणाल्या. "मला राहवेना, एकटीच पुलावर उतरले. कुत्री बेटावरच होती, तीन. मी ओरडले, दगड मारले, तेव्हा हलली. सगळी पिल्लं गेली असं वाटलं नाही, म्हणून वाट मोडली. एकेक दगड ओढून गाळात ढकलला. दोन्ही चपला गेल्या माझ्या. अनवाणी आले एसटीनं. पण उरलं काही नव्हतं."

"दगड माझेच हे कसं कळलं?"

"काठावर बारदान्याची सुतळी पडली होती. आणि दुसरं कोण जाणार होतं तिथं?"

"मग रविवारी विचारलं का नाही?"

"वाट बघितली तुझी. वाटलं, सांगेल. तू सगळं पाण्यावर ढकललंस." त्यांनी पदर सारखा केला. "विचारलं असतं तर तू आणखी खोटं बोलला असतास. मग तुझं तोंड बघवलं नसतं मला. नाही विचारलं, तरी कुठं राहिलं काही आपलं."

मी म्हणालो, "पण वहीत तुम्ही..."

"हो. लिहिलं. पाणी आटलं म्हणून कुत्री शिरली, असं लिहिलं. चाळीस वर्षांच्या वह्यांत तेवढं एक खोटं आहे." त्यांचा आवाज पहिल्यांदा कापला. "दोष नुसता तुझा कसा लिहू? बेट तुला मीच दाखवलं होतं. मी नेलं नसतं तर तुला ते ठाऊकही झालं नसतं. त्या सरांनी वह्या नेल्या तेव्हा वाटलं, ते पान फाडावं. पण मागच्या बाजूला टिटवीची नोंद होती. ती खरी होती."

चहावर साय धरली होती. मी त्यांचे पाय धरायला वाकलो, तर त्यांनी पाय मागं घेतले.

"असलं नको. सरांना पत्र लिही. काय झालं ते लिही. आणि माझं खोटंसुद्धा लिही, ते वगळू नको."

निघताना माफी मागावी असं मनात होतं, पण त्यांनी ती मागू दिली नाही, आणि दिलीही नाही. बहिणीनं स्टेशनचा रस्ता दाखवला. गाडीला उशीर होता. फलाटावर मी दोन तास बसून राहिलो.

लातूरला आल्यावर पत्र लिहिलं. चार पानं झाली. एक प्रत प्राध्यापकांना धाडली, एक उमरीला. प्राध्यापकांचं उत्तर लगेच आलं, त्यांनी दुरुस्ती छापायचं कबूल केलं. उमरीहून काही आलं नाही. महिना-दीड महिन्यानं पोस्टकार्ड आलं, बहिणीच्या हातचं. बाई गेल्या होत्या.

मी भेटायला गेलो. घरात चार बाया होत्या, कुणी मोठ्यानं रडत नव्हतं. बहीण मला अंगणात घेऊन आली.

"माझं पत्र पोचलं होतं का?" मी विचारलं.

"पोचलं की. वाचून दाखवलं मी. दोनदा वाचायला लावलं."

"काय म्हणाल्या?"

"काय म्हणणार? म्हणाली, तारीख लिहायची राहिली त्याची." बहिणीनं डोळे पुसले. "मग कूस बदलून झोपली."

मला ती तारीख आठवत नव्हती. प्राध्यापकांना पत्र टाकून मी वहीतलं ते पान बघून तारीख कळवायला आणि दुरुस्तीतही घालायला सांगितलं. त्यांनी उलट टपाली कळवली.